सामाईक कुंपणाची छाटणी: किती, कोणी आणि कोणाला विचारून?

उंबरठा (धागाकर्ता)

आमच्या आणि पूर्वेकडच्या शेजाऱ्यांच्या आवारामध्ये साधारण चाळीस फूट लांबीचे कोयनेलचे कुंपण आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा ते गुडघ्याएवढे होते. गेल्या नऊ वर्षांत ते माझ्या खांद्यापर्यंत आले आणि इतके दाट झाले की पलीकडचे माणूस दिसत नसे. गेल्या महिन्यात आम्ही आठ दिवस बाहेरगावी गेलो होतो. परत आलो तेव्हा शेजाऱ्यांच्या बाजूची सगळी पालवी नाहीशी झाली होती आणि मनगटाएवढी लाकडे उघडी पडली होती. कुंपणाचा माथाही कमरेपर्यंत खाली आला होता, तोही तिरका, म्हणजे फाटकाकडे थोडा उंच आणि विहिरीकडे बुटका. छाटलेल्या फांद्यांचा ढीग आमच्या आवारात, नेमका तुळशीच्या वाफ्यावर टाकलेला होता.

मी विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले, "माझ्या बाजूला आलेले मी कापले, त्यात विचारायचे काय?" त्यानंतर आमचे बोलणे बंद आहे. शेजाऱ्यांना असा अधिकार आहे का, आणि असल्यास कुठपर्यंत आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. हे कुंपण आता पुन्हा भरेल का, हा माझा दुसरा प्रश्न आहे. खरे सांगायचे तर रात्री झोप उडवतो तो हा दुसरा प्रश्न.

दस्तऐवज

तुमच्या तक्रारीत तीन वेगवेगळ्या कृती एकत्र झाल्या आहेत आणि त्यांचा निवाडा एकाच मापाने होणार नाही. एक, आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या छाटणे. दोन, कुंपणाची उंची कमी करणे. तीन, छाटलेला पाला तुमच्याकडे टाकणे.

पहिल्या कृतीबाबत शेजाऱ्यांची बाजू बरीच भक्कम आहे. इंग्लंडमध्ये लेमन विरुद्ध वेब हा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला आणि १८९४ साली निकाल लागला की, शेजाऱ्याच्या झाडाच्या फांद्या आपल्या जमिनीवर आल्या असतील तर त्या हद्दीपर्यंत छाटता येतात, आणि शेजाऱ्याच्या जमिनीत पाय न ठेवता हे काम होत असेल तर आगाऊ सूचना देण्याचेही बंधन नाही. फांद्या कितीही वर्षे तशाच लोंबत राहिल्या असल्या तरी झाडाच्या मालकाला त्या लोंबत ठेवण्याचा हक्क मिळत नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. इंग्रजी कायद्याची परंपरा जिथे जिथे पोहोचली तिथे साधारण हेच सूत्र चालते.

परंतु हे सूत्र हद्दीवर उभ्या रेषेत लागू होते, आडव्या रेषेत नाही. हद्दीच्या अलीकडे, म्हणजे तुमच्या जमिनीच्या वर असलेला कुंपणाचा माथा खाली आणण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. छाटलेल्या फांद्याही कायद्याने झाडाच्या मालकाच्याच राहतात. त्यामुळे त्या परत घेता का, असे विचारणे योग्य ठरते. न विचारता त्या पलीकडे फेकणे हा मात्र स्वतंत्र अतिक्रमणाचा विषय होतो. फाटकापाशी नीट रचून ठेवणे वेगळे आणि वाफ्यावर ढीग करणे वेगळे.

हे सगळे कुंपण तुमचे आहे असे गृहीत धरून लिहिले आहे. ते तुमचे आहे का? रोपे कोणी लावली आणि बुंधे जमिनीतून कोणाच्या बाजूला वर येतात, ते आधी सांगा. बुंधा बरोबर हद्दीवर असेल तर हिशेब बदलतो.

माळीबुवा

कायद्याचे जाणकार लिहीतच आहेत. मी झाडापुरते लिहितो.

कोयनेल मरत नाही. उघड्या लाकडावरूनही ती फुटते, फक्त मुळाशी ओल हवी आणि उजेड हवा. आत्ता दिसणारे भकास रूप पाहून घाबरू नका. वाढलेल्या कुंपणाला नव्याने आकार द्यायचा असेल तेव्हा आम्ही स्वतःच एक बाजू खोडापर्यंत नेतो आणि दुसरी बाजू पुढच्या वर्षापर्यंत हिरवी ठेवतो, म्हणजे झाडाला अन्न मिळत राहते. तुमच्या शेजाऱ्यांनी रागाच्या भरात का होईना, अर्धे काम शास्त्राप्रमाणे केले आहे. आता हट्टाने तुमचीही बाजू तेवढीच खरवडू नका, म्हणजे झाले.

सायप्रससारख्या सूचीपर्णी झाडांचे कुंपण असते तर मात्र मी असे लिहिले नसते. सायप्रसच्या जातीची झाडे जुन्या तपकिरी लाकडावरून पुन्हा फुटत नाहीत. हिरव्या भागाच्या आत कात्री गेली की तिथे कायमचे भोक राहते. सूचीपर्णी झाडांपैकी यू हे झाड त्याला अपवाद आहे. अशा कुंपणाची एक बाजू शेजाऱ्याने खोलवर छाटली तर ते नुकसान भरून येत नाही, त्यामुळे "माझ्या बाजूचे मी कापले" हे वाक्य झाडाची जात पाहूनच उच्चारावे.

तिरक्या माथ्याचे कारण मी न पाहताही सांगू शकतो. दोरी न लावता, डोळ्यांच्या अंदाजाने, एका टोकापासून कापत गेले की हात आपोआप खाली उतरतो. पहिले दहा फूट माणूस जपून कापतो आणि पुढे दमतो.

तिसरीबाजू

मी तुमच्या शेजाऱ्यांच्या जागी आहे, म्हणून थोडे कडू लागले तरी लिहिते.

माझ्या पश्चिमेला डुरांटाचे दोनशे पावलांवरूनही दिसावे असे दाट कुंपण आहे. ते मी लावलेले नाही आणि मला विचारूनही लावलेले नाही. मालक स्वतःच्या अंगणातून दिसणारी बाजू दर दोन महिन्यांनी सुरेख छाटतात, आणि माझी बाजू पावसाळ्यात दीड हात पुढे येऊन माझी पायवाट अडवते. त्या फांद्यांना काटे आहेत. त्यांची नारिंगी फळे विषारी असल्यामुळे लहान मूल अंगणात सोडताना लक्ष ठेवावे लागते. छाटणीची मजुरी माझी, पाला उचलण्याचे काम माझे आणि शोभा त्यांची. दोन वेळा सांगून झाले, दोन्ही वेळा "हो, बघतो" असे गोड उत्तर मिळाले. तिसऱ्या वेळी मी विचारले नाही, कात्री घेतली.

म्हणून उंबरठा, तुम्हाला माझा एकच प्रश्न आहे. या नऊ वर्षांत कुंपणाची पलीकडची बाजू कोण छाटत होते?

उंबरठा (धागाकर्ता)

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता, हे मान्य करतो.

पलीकडची बाजू शेजारीच छाटत असत. पहिली तीन-चार वर्षे ते छाटणीपूर्वी हाक मारत आणि मी अलीकडून छाटत असे. नंतर त्यांच्या गुडघ्याचे दुखणे सुरू झाले, माझेही कामाचे तास बदलले आणि ती पद्धत मोडली. माथा मात्र मी एकटाच ठरवत होतो. त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी मोठी केल्यापासून मला आडोसा हवासा वाटू लागला, म्हणून गेली दोन वर्षे मी माथ्याला हात लावला नाही आणि शेणखतही जास्त घातले. त्यांच्या खिडकीत सकाळचे ऊन येणे त्यामुळे कमी झाले असावे का? कुंपण त्यांच्या पश्चिमेला येते, म्हणजे सकाळचे नव्हे, दुपारनंतरचे ऊन अडले असणार. एकदा त्यांनी "फार वाढले आहे" असे म्हटल्याचे आठवते. मी ते कौतुक समजलो.

रोपे कोणी लावली ते मला माहीत नाही. आम्ही आलो तेव्हा ती होतीच.

दस्तऐवज

"आम्ही आलो तेव्हा होतीच" हे या प्रकारच्या भांडणांतले सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य आहे. ज्याला कुंपण लावणारा माहीत नाही, तो छाटणाऱ्यावर चिडतो, आणि खरे तर त्याचा दावाच अजून सिद्ध व्हायचा असतो.

अशा अनिश्चित स्थितीसाठी वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळी गृहीतके करून ठेवली आहेत. फ्रान्सच्या नागरी संहितेतील ६६६ वे कलम सांगते की, दोन मालमत्तांमधले कुंपण विरुद्ध पुरावा नसेल तर सामाईक मानावे. ते सामाईक ठरले तर त्याचे उत्पन्नही निम्मे-निम्मे होते. एखाद्या सहमालकाला ते नकोच असेल तर तो स्वतःच्या हद्दीपर्यंत ते काढू शकतो, पण त्या हद्दीवर त्याला भिंत बांधून द्यावी लागते. जर्मन नागरी संहितेच्या ९२३ व्या कलमानुसार नेमक्या सीमेवर उभे असलेले झाड किंवा झुडूप दोघांचे समान असते. इंग्लंडच्या ग्रामीण भागात कुंपणालगत चर असेल तर वेगळे अनुमान काढतात. चर खणणारा माणूस स्वतःच्या हद्दीच्या अगदी टोकाला खणतो, माती आपल्याच बाजूला टाकतो आणि त्या मातीच्या वरंब्यावर झुडपे लावतो. म्हणून हद्द झुडपांच्या मधोमध न मानता चराच्या पलीकडच्या काठावर मानली जाते. कुंपणाची मधली रेषा म्हणजेच हद्द, हा सार्वत्रिक समज किती फसवा आहे ते यावरून दिसेल.

उंचीबाबतही एक उदाहरण देतो. लेलँड सायप्रस हे झाड वर्षाला जवळजवळ तीन फूट वाढते. त्याच्या हिरव्या भिंतींमुळे इंग्लंडमध्ये इतकी भांडणे झाली की २००३ सालच्या समाजविघातक वर्तनविषयक कायद्यात उंच कुंपणांवर एक स्वतंत्र प्रकरण घालावे लागले. सदाहरित किंवा अर्धसदाहरित झाडांची दोन मीटरपेक्षा उंच रांग शेजाऱ्याचा उजेड अडवत असेल तर स्थानिक परिषदेकडे तक्रार करता येते, आणि परिषद उंची कमी करण्याचा आदेश देऊ शकते. मात्र दोन मीटरच्या खाली आणण्याचा किंवा कुंपण समूळ काढण्याचा आदेश तिला देता येत नाही. तक्रार घेण्यापूर्वी आपसांत मिटवण्याचा प्रयत्न केला होता का, हेही परिषद पाहते. तुमचे कुंपण खांद्याएवढे, म्हणजे दोन मीटरच्या खालीच होते. तरीही ऊन अडले असेल तर ते अडलेच. कायद्याची रेघ आणि खिडकीतले ऊन एकाच ठिकाणी थांबत नाहीत.

अबोली

पाल्याच्या ढिगाबद्दल कोणीतरी सविस्तर लिहावे असे वाटत होते, म्हणून मीच लिहिते. कण्हेरीचे कुंपण असलेल्यांनी छाटलेल्या फांद्या कुठेही टाकू नयेत. कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत, वाळलेली पानेसुद्धा, आणि ती जनावरांच्या खाण्यात आली तर जनावर दगावू शकते. त्या फांद्या जाळूही नयेत, कारण धूरही बाधतो. शेराच्या कुंपणाचा चीक डोळ्यांत उडाला तर डोळ्यांना गंभीर इजा होते. पलीकडे कोण उभे आहे हे न पाहता शेर छाटणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. आमच्याकडे एकदा असाच चीक उडाला होता. डोळा वाचला, पण तो आठवडा मी विसरलेले नाही.

शेजारच्या झाडाची फळे आपल्या अंगणात पडली तर ती कोणाची, हेही कोणी सांगेल का? आमच्याकडचे भांडण छाटणीवरून सुरू होऊन फळांवर गेले आहे.

दस्तऐवज

फळांचा वाद माणसाच्या लिखित कायद्याइतकाच जुना आहे. रोमन लोकांच्या बारा पाट्यांच्या कायद्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, शेजाऱ्याच्या जमिनीवर सावली धरणारे झाड पंधरा फुटांच्या उंचीपर्यंत छाटून मोकळे करण्याची तरतूद होती. शेजारी पडलेली फळे मात्र झाडाच्या मालकाची मानली जात आणि ती वेचण्यासाठी त्याला एक दिवसाआड पलीकडे जाऊ द्यावे लागे. आजचा जर्मन कायदा नेमका उलट आहे. आपोआप गळून पडलेले फळ ज्या जमिनीवर पडले त्या जमिनीचे मानले जाते. फ्रान्समध्येही तसेच आहे. इंग्लंडमध्ये फळ झाडाच्या मालकाचेच राहते, मग ते लोंबत असो की फांदीबरोबर कापलेले असो. त्यामुळे याला सर्वत्र चालणारे एक उत्तर नाही. आपल्या जमिनीवर पडलेले फळ उचलणे आणि फांदी हलवून पाडणे यांत मात्र पुष्कळ ठिकाणी फरक केला जातो.

मूळ विषयाकडे येतो. आधी सांगायचे की आधी कापायचे, या प्रश्नावर मला जपानने केलेला बदल सर्वांत समंजस वाटतो. तिथे पूर्वी शेजाऱ्याची मुळे आपल्या जमिनीत आली तर ती स्वतः कापता येत, पण फांद्या कापायच्या तर मालकाकडेच मागणी करावी लागे. मालक बेपत्ता असेल तर माणूस हात चोळत बसे. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, मालकाला सांगूनही त्याने वाजवी मुदतीत फांद्या कापल्या नाहीत, तो कोण किंवा कुठे आहे ते कळत नसेल, किंवा प्रसंग तातडीचा असेल, तर शेजाऱ्याला त्या स्वतः कापता येतात. जर्मनीतही फांद्यांसाठी आधी मुदत द्यावी लागते. इंग्लिश निकालाने सूचनेचे बंधन काढून टाकले, ते तर्काला धरून असेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माणसाचे तोंड पाहायचे असते याचा विचार त्यात नाही, असे माझे वैयक्तिक मत आहे.

तिसरीबाजू, तुम्ही दोनदा सांगितले होते. उंबरठा यांच्या शेजाऱ्यांनी एकदा सांगितले आणि ते कौतुक समजले गेले. फरक असेल तर तेवढाच आहे.

माळीबुवा

आता प्रत्यक्ष कामाचे लिहितो. दोन्ही टोकांचे हद्दीचे दगड शोधा. बहुतेक वेळा एक सापडतो आणि दुसरा कोणाच्या तरी पायरीखाली किंवा कुंडीखाली गेलेला असतो. दोन्हींमध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर सुतळी ताणून बांधा आणि खाली वाकून बुंधे पाहा. वरच्या पालवीकडे बघून हद्द कधीच कळत नाही, कारण झुडूप उजेडाकडे झुकते. तुमच्याकडची बाजू जास्त उन्हात असेल तर झाड तुमचेच वाटेल.

उंचीसाठी दुसरी सुतळी लावा आणि तिला पाणसळ लावून पाहा. जमीन उताराची असेल तर माथा जमिनीला समांतर ठेवायचा की आडवा सपाट ठेवायचा, हे आधी ठरवा. माझ्या पाहण्यात दोन घरे केवळ यावरून भांडली आहेत. बाजू छाटताना बुडाशी रुंद आणि माथ्याशी निमुळते ठेवा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळते. सरळ उभी भिंत केली की वरचा पसारा सावली धरतो, खालची पाने गळतात, मग बुडातून कुत्रे-मांजरे ये-जा करू लागतात आणि दोष पुन्हा शेजाऱ्याच्या कात्रीला दिला जातो.

छाटण्यापूर्वी आतमध्ये घरटी आहेत का ते हाताने पालवी बाजूला करून पाहा. जर्मनीत १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात कुंपण बुडापासून काढण्यावर किंवा फार खोल छाटण्यावर बंदी आहे, आणि हलकी आकार देणारी छाटणी तेवढी चालते. कायदा असो वा नसो, अंडी असलेली फांदी कापू नये.

तिसरीबाजू

माझ्याकडे शेवटी काय झाले ते सांगते. डुरांटावाल्यांशी मी कुंपणाविषयी बोलणे थांबवले आणि पायवाटेविषयी बोलू लागले. "तुमचे झाड वाढले" म्हटले की त्यांना आरोप वाटत असे. "मला इथून सायकल न्यायला दोन हात जागा लागते" म्हटल्यावर ते टेप घेऊन आले. एका कागदावर आम्ही तीन ओळी लिहिल्या. उंची किती, वर्षातून दोनदा कोणत्या महिन्यांत छाटायचे, आणि मजूर बोलावला तर त्याने दोन्ही बाजू एकाच दिवशी करायच्या व पैसे निम्मे द्यायचे. सह्या केल्या नाहीत, तारीख मात्र टाकली. पाल्याची ओळ लिहायची राहिली आणि पहिल्याच छाटणीला नेमका त्यावरूनच खटका उडाला, म्हणून ती लिहायला तुम्ही विसरू नका.

उंबरठा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पंधरा दिवसांनी लिहितो आहे, कारण लिहिण्यासारखे काही घडायला तेवढे दिवस गेले.

गेल्या रविवारी मी सुतळी घेऊन शेजाऱ्यांच्या दारात गेलो आणि दुसरे टोक धरता का, असे विचारले. ते काही न बोलता चप्पल घालून आले. फाटकाकडचा दगड लगेच सापडला. विहिरीकडचा दगड माळीबुवांनी म्हटल्याप्रमाणे खरोखरच कुंडीखाली होता, आणि ती कुंडी माझी होती. सुतळी ताणून आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून बुंधे मोजले. त्यांना बसताना त्रास झाला, पण ते बसले. एकूण चौतीस बुंधे निघाले. फाटकाकडचे तेरा माझ्या बाजूला, विहिरीकडचे सोळा त्यांच्या बाजूला आणि मधले पाच थेट सुतळीखाली. लावणाऱ्याने रांगच तिरकी लावली होती. ज्या कुंपणाला मी नऊ वर्षे "माझे" म्हणत होतो, त्याचा मोठा भाग त्यांच्या जमिनीत उभा आहे, आणि जिथे माथा सर्वांत बुटका कापला म्हणून मी चिडलो होतो तो भाग तर पूर्णपणे त्यांचाच आहे. फाटकाकडच्या तेरा झुडपांचा माथा मात्र त्यांनी कापायला नको होता, हे मी सांगितले आणि त्यांनी "हो, तिथे हात जास्त चालला" असे मान्य केले. वाफ्यावरच्या ढिगाबद्दल ते म्हणाले की, तो त्यांनी बोलावलेल्या मुलाने टाकला होता आणि त्यांना वाटले आम्हाला खतासाठी हवा असेल. यावर माझा पूर्ण विश्वास बसलेला नाही, पण मी वाद घातला नाही.

उघड्या लाकडावर बोटाच्या पेराएवढे पोपटी कोंब आले आहेत. माथा सारखा करण्यासाठी आम्ही कात्र्या काढल्या, तर मधल्या पाच झुडपांतल्या तिसऱ्यात बुलबुलाचे घरटे निघाले, आत तीन अंडी. शेजाऱ्यांनी त्या जागेच्या दोन्ही अंगांना जुन्या लाल साडीची चिंधी बांधली आणि तेवढा भाग पिल्ले उडेपर्यंत सोडायचा असे ठरले.

उंचीचे अजून ठरलेले नाही. मला छातीएवढे हवे आहे, त्यांना कमरेच्या थोडे वर. सध्या एक बांबू मधोमध रोवून त्यावर दोघांनी आपापली खूण केली आहे. दोन खुणांमध्ये सुमारे नऊ बोटांचे अंतर आहे, आणि ऊन त्यांच्या खिडकीत किती वाजेपर्यंत राहते ते आम्ही रोज बघून लिहून ठेवत आहोत. पाल्याची ओळ मात्र कागदावर सर्वांत आधी लिहिली.